सापडला तर काय? माण-खटावच्या भरती अकॅडम्यांना खुलं पत्र

म्हसवड, ता. माण, जि. सातारा

माण-खटाव भागातल्या सर्व भरतीपूर्व प्रशिक्षण अकॅडम्यांच्या संचालकांस आणि प्रशिक्षकांस,



तुमच्याकडे आलेल्या पोराला सोळाशे मीटर कसं काढायचं, बीमवर दहा पुल-अप कसे मारायचे, नऊ फुटी खड्डा एका दमात कसा ओलांडायचा, छाती किती फुगली पाहिजे, हे सगळं शिकवलं जातं. मेडिकलला जाण्याआधी कानातला मळ काढ, इथपर्यंत तुम्ही बारकाईनं सांगता. तुमची मेहनत मला ठाऊक आहे. माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसणारी कितीतरी पोरं तुमच्या ग्राउंडवर घाम गाळून वर्दीत गेली. पावसाचा भरवसा नाही, कारखानदारी नावालाच. माणमधल्या घराला भरती म्हणजे महिन्याच्या महिन्याला येणारा पैसा. पळण्याचंही इथं कौतुक आहे, आणि ते का नसावं? मोहीची ललिता बाबर याच फुफाट्यातून पळत रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत गेली.

पण एक तास तुमच्या वेळापत्रकात मला कुठं दिसला नाही. लढाईत पोरगा शत्रूच्या हाती सापडला, तर त्यानं काय करायचं? आणि इकडं त्याच्या आईबापानं काय करायचं? तुमच्या फ्लेक्सवर दोनच शेवट छापलेले असतात: विजय, नाहीतर वीरमरण. तिसरा शेवटही असतो, तो कुणी छापत नाही.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, ते सैन्य शिकवतं, आपलं काम भरती करून देण्यापुरतं. अर्धं खरं आहे. पोराला पुढं सैन्य शिकवेल. त्याच्या आईला कोण शिकवणार? आणि तो सुटून आल्यावर पारावर बसून 'हा सापडलाच कसा' म्हणणाऱ्या गावाला?

मी हायस्कूलला भूगोल शिकवला. युद्धकथांचा मला सोस नाही. मात्र एका नकाशानं घात केलेली सुटकेची गोष्ट भूगोलाच्या माणसाला सोडवत नाही, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो. माणूस आपल्यातलाच, मराठी: हवाई दलाचे वैमानिक दिलीप पारुळकर. ग्रुप कॅप्टन म्हणून निवृत्त झाले, ऑगस्ट 2025 मध्ये पुण्यात वारले. तुमच्या पोरांपैकी किती जणांना हे नाव ठाऊक आहे, एकदा विचारून बघा.

1965 च्या युद्धात त्यांच्या विमानाला गोळ्या लागल्या, त्यांचा उजवा खांदा जखमी झाला. सोबतच्या म्होरक्यानं उडी मारायला सांगितलं होतं. त्यांनी विमान तसंच तळावर आणून उतरवलं आणि त्यासाठी वायुसेना पदक मिळालं. सहा वर्षांनी दुसरं युद्ध. 10 डिसेंबर 1971 रोजी त्यांचं सुखोई-7 पाकिस्तानच्या हद्दीत पाडलं गेलं. पॅराशूटनं खाली उतरले ते थेट शत्रूच्या हातात. पण सापडलो तर तिथं बसून राहायचं नाही, हे त्यांनी युद्धाआधीच मनाशी ठरवून टाकलं होतं आणि वरिष्ठांना बोलूनही दाखवलं होतं. माझा सगळा मुद्दा खरं तर इथंच आहे. सापडण्याचा विचार त्यांनी सापडायच्या आधी केला होता.

रावळपिंडीत पाकिस्तानी हवाई दलाच्या आवारात युद्धकैद्यांची एक छोटी छावणी होती. सुरुवातीला प्रत्येकाला वेगळं कोंडलं, चौकशा झाल्या. नाताळच्या दिवशी त्यांना एकत्र येऊ दिलं, केक कापला गेला. छावणीचा प्रमुख होता स्क्वाड्रन लीडर उस्मान हमीद. हे नाव ध्यानात ठेवा. हळूहळू तिथं भारताचे बारा वैमानिक जमले. विंग कमांडर कोएल्हो त्यांच्यात सर्वांत वरिष्ठ. जफा यांच्या पाठीचा कणा दुखावलेला, अंगभर प्लॅस्टर. कामतांचे पाय जायबंदी. आणि या सगळ्यांत पारुळकर, ज्यांच्या डोक्यात पहिल्या दिवसापासून भिंत.

भिंत फोडायची ती काट्यानं, कात्रीनं, स्क्रू-ड्रायव्हरनं. रात्री एकेक वीट सैल करायची, सकाळी सगळं पूर्ववत दिसलं पाहिजे. बाहेरच्या बाजूचा गिलावा शेवटपर्यंत शाबूत ठेवायचा, कारण तो पडला की पहारेकऱ्याला भोक दिसणार. मलबा दडवायचा, पहाऱ्याच्या वेळा पाठ करायच्या. जिनिव्हा करारानुसार कैद्याला दरमहा भत्ता मिळतो, त्यातून पैसे साठवले. शलवार-कमीज मिळवली. सुईला चुंबकत्व देऊन होकायंत्र केलं. वैमानिकाच्या जी-सूटमधल्या रबरी पिशव्यांत पाणी भरून न्यायचं ठरलं. यातलं एकही काम सोळाशे मीटरवाल्याचं नाही. हे चिकाटीचं काम आहे, आणि तोंड बंद ठेवण्याचं.

कोएल्होंच्या बाजूनं बघा. पळणार होते तिघंच. ते पळाले तर मागं राहणाऱ्यांवर राग निघणार. त्यातले काही धड चालूही शकत नव्हते. तरी वरिष्ठ म्हणून त्यांनी अडवलं नाही, आणि मागं राहणाऱ्यांनी मदत केली. पळून जाणाऱ्यांवर सिनेमा निघाला. मागं राहिलेल्यांवर निघणार नाही, हे मी आत्ताच सांगून ठेवतो.

14 ऑगस्ट हा पाकिस्तानचा स्वातंत्र्यदिन. सुट्टीच्या गडबडीत पहारा ढिला असेल, असा हिशोब. 12 ऑगस्ट 1972 च्या मध्यरात्रीनंतर पारुळकर, मलविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी भोकातून बाहेर पडले. हवा वादळी होती. रस्त्यावर सिनेमाचा शेवटचा खेळ सुटलेला, त्या गर्दीत तिघं मिसळले. बस धरून पेशावर गाठलं. तिथून टांग्यानं थोडं पुढं, मग पुन्हा बस, आणि सकाळी ते खैबर खिंडीतल्या लंडी कोतलला पोचले. अफगाणिस्तानची सरहद्द तिथून चार-पाच मैलांवर. या घटनेवर फेथ जॉन्स्टन यांनी 2013 साली लिहिलेल्या पुस्तकाच्या नावातच ते चार मैल आहेत.

आणि इथं नकाशा आडवा आला. यांच्याजवळच्या जुन्या नकाशावर लंडी कोतलच्या पुढं सरहद्दीलगत लंडी खाना नावाचं स्टेशन होतं. भूगोलाच्या तासाला मी हे फळ्यावर काढून दाखवायचो. खैबर रेल्वे 1925 साली लंडी कोतलपर्यंत आली, पुढच्या वर्षी लंडी खान्यापर्यंत गेली, आणि 1932 साली तो शेवटचा तुकडा बंद पडला. रूळ ओस पडले, नाव छापील राहिलं. चाळीस वर्षांनी तीन परके लोक बाजारात उभे राहून 'लंडी खाना किती लांब?' विचारतात. तिथं जायला कुणी कधी विचारत नाही. टॅक्सीचं भाडं ठरवताना तहसीलदाराच्या कचेरीतल्या एका कारकुनाला संशय आला. त्याला हे हिंदुस्थानी वाटलेच नाहीत. तेव्हा पश्चिम पाकिस्तानात अडकलेले बंगाली लोक याच वाटेनं अफगाणिस्तानात निसटत होते. त्याला वाटलं, हे त्यातलेच. आपल्या शाळांच्या भिंतींवर अजून कितीएक कालबाह्य नकाशे लोंबतात, त्यांच्याकडं बघताना मला हटकून तो कारकून आठवतो.

पारुळकरांनी आपलं नाव फिलिप पीटर सांगितलं, आम्ही लाहोरच्या हवाई दलातले, सुट्टीवर फिरायला आलोय म्हणाले. चाललं नाही. हा टोळ्यांचा मुलुख. इथं तीन अनोळखी माणसं गोळी घालून फेकली असती तर कुठं नोंदही झाली नसती. अशा वेळी त्यांनी जे केलं ते मला भिंत फोडण्यापेक्षा मोठं वाटतं. पाकिस्तानी हवाई दलाच्या प्रमुखांच्या एडीसीशी, म्हणजे त्यांच्या मदतनीस अधिकाऱ्याशी, फोनवर बोलू द्या, अशी मागणी त्यांनी लावून धरली. तो एडीसी म्हणजे आपला उस्मान हमीद, छावणीतून तिकडं बदलून गेलेला. फोन लागला. उस्माननं पलीकडून सांगितलं की ही माणसं आमची आहेत, त्यांच्या केसालाही धक्का लावू नका. तिघं वाचले. शत्रूच्या गणवेशातल्या ज्या माणसानं वागणूक चांगली दिली होती, त्याचं नाव आणि हुद्दा ऐन वेळी आठवणं, याला डोकं ठिकाणावर लागतं.

त्यांना एकांतकोठडी झाली, मग सगळ्यांना लायलपूरच्या तुरुंगात हलवलं. 1 डिसेंबर 1972 रोजी ते वाघ्यावरून भारतात आले. 17 डिसेंबर 1971 ला युद्ध थांबलं होतं. म्हणजे सुटायला जवळजवळ वर्ष गेलं. त्याच काळात आपल्याकडं त्यांचे सुमारे 93 हजार लोक होते आणि शेवटची तुकडी 1974 साली परत गेली, हेही पोरांना सांगा. कैदी हा वाटाघाटीतला मोहरा होतो. कुणाचा पोरगा आहे हे त्या टेबलावर बघितलं जात नाही.

आता लगेच कुणीतरी पारुळकरांचा फोटो फ्लेक्सवर छापेल आणि खाली 'शत्रूच्या तुरुंगातून पळालेला वाघ' असं लिहील. कृपा करून तेवढ्यावर भागवू नका. सापडलेल्यांपैकी फार थोडे पळू शकतात. त्याच छावणीतल्या जवाहरलाल भार्गवांचं मारुत विमान 5 डिसेंबरला वाळवंटात पडलं. त्यांनी घड्याळ पाकिस्तानच्या वेळेवर लावलं, आपण पाकिस्तानी वैमानिक मन्सूर अली आहोत असं गावकऱ्यांना सांगितलं, त्यांच्याकडून पाणी घेतलं, बराच वेळ निभावलं. शेवटी रेंजर्सनी कलमा म्हणायला सांगितला, तिथं गाडी अडली. ते पळू शकले नाहीत. त्यांची हुशारी म्हणून काही कमी होते का?

पोरांना सांगण्यासारखं सगळ्यात आधी जे आहे ते 1949 च्या तिसऱ्या जिनिव्हा करारात आहे. भाषा रुक्ष आहे, पण आपल्या कामाचं तेवढं सोपं करून सांगता येतं. कैद्यानं सांगायच्या गोष्टी चार: नाव, हुद्दा, जन्मतारीख, सेवाक्रमांक. यापलीकडं बोलावं म्हणून मारहाण करता येत नाही. त्याची लोकांपुढं धिंड काढता येत नाही. पळण्याचा प्रयत्न फसला तर त्याबद्दल शिस्तभंगाची शिक्षा होऊ शकते, ती फार तर तीस दिवसांची. छावणीत पोचल्यावर आठवड्याच्या आत आपण जिवंत असल्याचं कार्ड घरी आणि रेडक्रॉसच्या केंद्राकडं पाठवायचा त्याला हक्क आहे, पुढं महिन्याला किमान दोन पत्रं आणि चार कार्डं. भत्ताही आहे. सार्जंटच्या खालच्या शिपायाला महिना आठ स्विस फ्रँक, मेजरच्या खालच्या अधिकाऱ्याला पन्नास. ही तफावत मला पटत नाही, पण आहे ती अशी आहे. हे सगळं प्रत्यक्षात पाळलं जातंच असं नाही. 1971 साली आपल्या काही वैमानिकांना मारहाण झाली. तरीही आपला हक्क काय हे ठाऊक असलेला माणूस आणि नसलेला माणूस यांच्यात कोठडीत फरक पडतो.

सातारा जिल्ह्याला हा विषय नवा नाही. एप्रिल 1916 मध्ये इराकातलं कूत पडलं आणि इंग्रजांची पुणे डिव्हिजन तुर्कांच्या हाती गेली. तीत तीन मराठा पलटणी होत्या. म्हणजे आपल्याच घाटावरची माणसं. वेढ्यात उपाशी राहिलेल्या त्या शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं, बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपलं. कितीतरी वाटेतच गेले. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी गावोगाव बसवलेल्या दगडी पाट्या तुम्ही पाहिल्या असतील. या गावातून इतके जण लढाईला गेले, त्यातले इतके कामी आले. दोनच आकडे. धरले गेले किती, याला पाटीवर जागा नाही. शंभर वर्षांनी तुमच्या फ्लेक्सवरही ती जागा नाही.

बरं, जागा नाही म्हणून लोक गप्प बसतात असंही नाही. 27 फेब्रुवारी 2019 ला हवाई दलाचे विंग कमांडर अभिनंदन वर्धमान पाकिस्तानच्या हाती सापडले. दुपारपर्यंत त्यांचा रक्ताळलेल्या चेहऱ्याचा व्हिडिओ आपल्या गावातल्या फोनवर आला होता. एसटी स्टँडवर, दुधाच्या डेअरीवर, सगळीकडं तोच. करारानं ज्या धिंडीला मनाई केली, ती धिंड आपण स्वतः, आपल्याच माणसाची, हौसेनं पुढं पाठवत होतो. ते 1 मार्चला परत आले आणि मग आठवडाभर सलूनमध्ये त्यांच्यासारख्या मिशा ठेवायची लाट आली. मिशांना माझी हरकत नाही. मे 2025 मधल्या भारत-पाकिस्तान संघर्षात तर आपल्या हवाई दलातली एक महिला अधिकारी पकडली गेल्याची साफ खोटी बातमी फिरली. सरकारी तपासणी पथकाला ती खोटी असल्याचं जाहीर करावं लागलं. पण तोपर्यंत ती फोनोफोनी झालीच होती. अशी बातमी ज्या घरातली लेक वर्दीत आहे त्या घरात पोचते तेव्हा काय होतं, याचा विचार पुढं पाठवणाऱ्याला शिवत नाही.

आणि मग तांबे. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे. 5 डिसेंबर 1971 ला त्यांचं सुखोई-7 पाकिस्तानातल्या शोरकोटवर पडलं. काही भारतीय वैमानिक जिवंत पकडल्याची बातमी त्याच दिवसांत पाकिस्तानी बाजूच्या वर्तमानपत्रात आली, आणि त्यात तांबे या नावाशी जुळणारं नाव होतं. पण कैद्यांच्या यादीत ते आलं नाही. डिसेंबर 1972 ला वाघ्यावरून जे परतले त्यांच्यात तांबे नव्हते. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या राष्ट्रीय बॅडमिंटनपटू, अर्जुन पुरस्कार मिळालेल्या. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. पुढची कैक दशकं त्या दिल्लीत मंत्रालयांचे उंबरे झिजवत राहिल्या. त्यांच्यासारखी पन्नासहून अधिक घरं. 1979 साली लोकसभेत सरकारनं बेपत्ता जवानांची नावं ठेवली. 2007 साली नातेवाइकांचा एक गट पाकिस्तानात जाऊन तुरुंग पाहून आला. हाती काही लागलं नाही. पाकिस्तान आमच्याकडं कुणी नाही म्हणत आलं. वीरमरण आलेल्याचा पुतळा होतो, चौकाला नाव मिळतं. बेपत्ता माणसाच्या बायकोला गाव धड सौभाग्यवतीही म्हणत नाही आणि वीरपत्नीही. हळदीकुंकवाला तिला बोलवायचं की नाही, यावर आपल्या आयाबाया कुजबुजतात. दमयंतीताई मोठ्या शहरात होत्या, शिकलेल्या होत्या, खेळाडू होत्या. माणमधल्या एखाद्या वाडीवर ही वेळ आली तर त्या पोरीची काय गत होईल, हे तुम्ही-मी दोघंही जाणतो.

ओघात विमानांची गोष्ट निघाली आहे, तर एक सांगून टाकतो. तुमच्यापैकी काहींच्या फ्लेक्सवर लढाऊ विमानाचं चित्र असतं आणि खाली 'अग्निवीरवायू बॅच सुरू'. अग्निवीरवायू होऊन कुणी ते विमान उडवत नाही. त्याचा रस्ता एनडीएतून किंवा अधिकारीपदाच्या परीक्षेतून जातो. साताऱ्याची सैनिक शाळा 1961 पासून त्याच कामासाठी उभी आहे. बारावीच्या पोराला हे स्पष्ट सांगून मग फी घ्या. तुमचा धंदा बुडणार नाही, विश्वास वाढेल.

तर माझं मागणं. तुमच्या प्रत्येक बॅचमध्ये एक रविवार या विषयाला द्या, आणि त्या दिवशी पोरांबरोबर त्यांच्या आया येतील असं बघा. बापांपेक्षा आया महत्त्वाच्या, कारण फोनवर बातमी आली की आधी कोसळतात त्या आणि पुढं सावरतातही त्याच. पारुळकरांची गोष्ट सांगा, भार्गवांची सांगा, तांब्यांची टाळू नका. चार गोष्टी सांगायच्या आणि बाकी तोंड बंद, हे पोरांकडून घोकून घ्या. घरच्यांना सांगा की पोराचा सेवाक्रमांक, पलटण आणि रेकॉर्ड ऑफिसचा पत्ता वहीत लिहून ठेवा, नुसता फोनमध्ये नको. बातमी आली तर आधी पलटणीला आणि साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला विचारा, टीव्हीला नको. दारात कॅमेरा घेऊन कुणी आलं तर पोराचं काम, पलटण, कुठं नेमणूक होती यातलं काहीही बोलू नका. पलीकडं बसलेला चौकशी अधिकारीही ती मुलाखत बघतो. आणि व्हिडिओ पुढं पाठवणाऱ्याला, मग तो सख्खा पुतण्या असला तरी, तिथल्या तिथं झापा.

म्हसवडच्या माणदेशी तरंग रेडिओवरही हे सांगता येईल. वाड्यावस्त्यांवर आया तो ऐकतात. रेडिओवाल्यांना मी स्वतः भेटतो. तुम्ही फक्त हो म्हणा. अभ्यासक्रम मी लिहून देतो, दीड तासाचा आहे, त्याची एक पैसा फी नाही. मार्गशीर्षात सिद्धनाथाचा रथ झाला की तुमच्या नव्या बॅचेस सुरू होतात. पहिल्याच महिन्यातला एक रविवार मला कळवा. नकाशा मी घेऊन येईन, नवीन.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक
म्हसवड